सासूबाईंच्या नावावरची सॉफ्टवेअरं

चकटफूला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली, तर आपल्यामागं दुसरं कुणी उभं आहे का ते तो वळून बघतो. नाव आहे, पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला छापून येतं, पण तेवढ्यापुरतंच. गल्लीत आणि कारखान्यात सगळे त्याला चकटफूच म्हणतात, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नाही. शिवीसुद्धा फुकट मिळत असेल तर घेऊन ठेवावी, असं त्याचं मत आहे. हे नाव तर फुकटच मिळालं होतं.

नोकरी पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात, सामानाच्या खोलीत. जाळीच्या खिडकीमागं बसून तो कामगारांना वायसर, स्क्रू आणि मीटरच्या काचा काढून देतो. दोन वायसर मागितले तर एक देतो, आणि जुना आणून दाखवा म्हणतो. कारखान्याच्या मालकालाही आपल्या मालाची एवढी माया नसेल. हाच माणूस घरी गेला की मात्र त्याची झोळी अशी काही उघडते, की साऱ्या जगाचा माल तिच्यात मावावा.

हा माल म्हणजे सॉफ्टवेअर. कुठल्याशा लांबच्या देशातली एक वेबसाइट आहे. बाजारात काही नवं सॉफ्टवेअर आलं, की चार लोकांच्या तोंडी त्याचं नाव व्हावं म्हणून कंपन्या ते तिथं एक दिवस फुकट ठेवतात. अट अशी, की आजच उतरवून घ्यायचं आणि आजच अॅक्टिव्हेट करायचं, म्हणजे कंपनीकडून कुलूप उघडून घ्यायचं. उद्या गेलात तर पैसे मोजा. पुढं बिघडलं तर आम्हाला विचारू नका, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं तर नावच काढू नका. एवढं वाचून शहाणा माणूस आल्या पावली परत जाईल. चकटफू हे वाचत नाही. ती वस्तू करते काय, हेही वाचत नाही. वर एक किंमत लिहिलेली असते आणि तिच्यावर काट मारलेली असते. ती काट बघितली की त्याचा जीव भांड्यात पडतो.

गल्ली दात घासत असते, तेव्हा हा कॉम्प्युटरपुढं बसलेला असतो. असा रोज एक एक गोळा करत त्यानं काय नाही आणलं? गुरांच्या दवाखान्याचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर त्याच्याकडं आहे, दारात कोंबडीसुद्धा नाही. माशांच्या टाकीचं पाणी कधी बदलायचं ते सांगणारं आहे. पियानो शिकवणारं आहे. त्यातला मास्तर रोज शिकवणी घेतो, पण स्पीकर फुटका असल्यामुळं आजवर कुणाला काही ऐकू आलेलं नाही. व्हायरस पकडणारी तर पाच आहेत, आणि ती पाचही एकमेकांना चोर समजतात. एका अंगणात पाच कुत्री बांधली की चोर राहतो बाजूला, मालकालाच घरात शिरता येत नाही. तसा त्याचा कॉम्प्युटर सकाळी चालू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन, कपबशी विसळून व्हायची.

आता फुकट झालं म्हणून कंपन्या काही दूधखुळ्या नसतात. एका कंपनीकडून एका माणसाला एकच प्रत, असा त्यांचा नियम. चकटफूचं नाव कधीच वापरून झालं होतं. बायकोचं झालं. वारलेल्या चुलत्याचं झालं, म्हाताऱ्यानं जिवंतपणी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. मग कंपन्या मोबाइलवर आकडा पाठवायला लागल्या, की तो सांगा मग कुलूप उघडतो. चुलत्याला काही मोबाइल नव्हता. तेव्हा चकटफूला सासूबाई आठवल्या.

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडं, चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत एकट्या राहतात. गुडघे थकलेत, जीभ ठणठणीत आहे. लग्न झाल्यापासून चकटफू त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नसे. तो आता रोज सकाळी त्यांना फोन करायला लागला. कसं काय आई, गुडघा काय म्हणतो, आणि लगेच, बरं, मोबाइलवर एक आकडा आला असेल बघा. सासूबाई आकडा सांगायच्या. खालच्या चपलावाल्यापासून जिन्यावरच्या बायकांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की जावई असावा तर असा, रोज उठून चौकशी करतो. पोटच्या मुलींचे फोन येत नाहीत अशा दोघीतिघींनी डोळेही पुसले म्हणतात.

एवढ्यानं भागलं असतं, पण काही सॉफ्टवेअरं एका वर्षाच्या बोलीवर फुकट असतात. वर्ष सरलं की ती आपोआप मान टाकतात. चकटफूनं त्यावर उपाय काढला. त्यानं वर्षच सरू द्यायचं नाही असं ठरवलं. रोज कॉम्प्युटरची तारीख तो मागं ओढून ठेवायचा. साऱ्या जगात दिवस उगवायचे, मावळायचे, आणि त्याच्या घरातला कॉम्प्युटर गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी उभा असायचा. नवं काही अॅक्टिव्हेट करायचं असेल, तर मात्र खरी तारीख लावावी लागते, नाहीतर कंपनीचा दरवाजा उघडत नाही. तेव्हा हा तेवढ्यापुरती आजची तारीख लावायचा, काम उरकायचा, आणि बाकीच्यांना जाग यायच्या आत पुन्हा मंगळवारी जाऊन बसायचा. झोपलेल्या पोराच्या मुठीतून खुळखुळा काढावा, तशी ती कला होती. कामगाराला दुसरा वायसर न देणारा माणूस कंपन्यांचं आख्खं वर्ष खिशात घालून बसला होता.

या सगळ्या उकिरड्यात एक मोती होता, आणि तो त्याच्या बायकोच्या कामाचा होता.

बायको आधी एका शर्टवाल्या ठेकेदाराकडं बटणं लावायची. पुढं तिनं जोडीला भरतकामाचं जुनं मशीन घेतलं, कॉम्प्युटरवर नक्षी काढून दिली की कापडावर आपसूक टाके घालणारं. ते खिडकीपाशी असतं आणि चालू झालं की पलंगाखालचे डबे वाजतात. नक्षी काढायचं सॉफ्टवेअर महाग होतं. चकटफूनं ते एका सकाळी फुकटात पैदा केलं, वर्षाच्या बोलीवर. तिला त्या बोलीबद्दल काही सांगायची त्याला गरज वाटली नाही. ती त्यावर रुमालांची नावं, टोप्या, एखाद्या दुकानाच्या नोकरांचे खिसे असं करत राहिली. हात बसला.

आणि मग तिला रस्त्याच्या टोकाला होणाऱ्या नव्या हॉस्पिटलचं काम मिळालं. नर्सबाईंच्या आणि वॉर्डातल्या माणसांच्या सगळ्या कोटांवर खिशाशी हॉस्पिटलचं चिन्ह, म्हणजे दोन पानांमध्ये दिवा, आणि त्याखाली ज्याचं त्याचं नाव. मोठ्या डॉक्टरांनी पानांची तोंडं आत की बाहेर यावर तिला रडवलं, शेवटी बाहेर ठरलं. मेट्रननं साफ सांगितलं होतं, की उद्घाटनाला कोट अंगावर असले तर पुढं चादरी, पडदे, सगळं तुमचंच, दर वर्षी. नसले तर कारखान्याला देऊ, ते लोक वाटच बघतायत. बायकोनं ठेकेदाराला सांगून टाकलं, की तुमची बटणं आता दुसरीकडून लावून घ्या. ठेकेदारानं वाईट वाटून न घेता दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई बसवली. परतीचा रस्ता असा बंद झाला होता.

चिन्ह तयार होतं. नावं तेवढी एकेक करून त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि मशीनला द्यायची. उद्घाटन पुढच्या आठवड्यावर आलेलं.

त्या सकाळी चकटफू नेहमीसारखा बसला. किंमत होती, किमतीवर काट होती. त्यानं खरी तारीख लावली, सासूबाईंचा गुडघा विचारला, आकडा घेतला, कुलूप उघडलं. मग तारीख मंगळवारवर नेली आणि डबा घ्यायला उठला. परत येऊन बघतो, तर आजची तारीख. त्यानं पुन्हा मागं नेली. त्याच्या डोळ्यांदेखत ती पुन्हा पुढं आली. त्याला वाटलं कॉम्प्युटरमधली बॅटरी गेली. त्यानं तारीख दाबून धरावी तशी चार-पाच वेळा मागं लोटली, आणि ती हट्टी म्हशीसारखी पुन्हा पुन्हा दावणीला आली.

त्या दिवशी फुकट होतं ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर ठेवणारं होतं. सेकंदाचाही फरक पडू देत नाही, असं त्याच्या माथ्यावर लिहिलेलं होतं. चकटफूच्या घरात आजवर इतकी सॉफ्टवेअरं आली, पण येऊन आपलं काम करणारं हे पहिलंच.

बाकीची धडाधड जागी झाली. गुरांचा दवाखाना बंद पडला, मासे गेले, पियानोच्या मास्तरानं निरोप घेतला, पाचातली चार कुत्री मेली. चकटफू कपाळाला हात लावून त्यांची नावं घेत होता. तेवढ्यात बायको हात पुसत आली, तिनं आपलं सॉफ्टवेअर उघडलं, आणि तिथं पाटी आली. वर्ष संपलं आहे, शिवाय तुमच्या घड्याळाशी खेळ झाल्याचं दिसतं, सबब प्रत बंद करण्यात येत आहे, ज्यांच्या नावावर आहे त्यांनी फोन करावा.

तिनं ती पाटी दोनदा वाचली. मग तिनं विचारलं, वर्ष म्हणजे कसलं वर्ष? चकटफूनं समजावून सांगितलं. समजावताना त्याच्या आवाजात थोडी ऐटही होती, की बघ, इतके दिवस तुला कळलंसुद्धा नाही. तिनं मशीनवरचा कोट काढला, घडी घालून ठेवला, आणि विक्रेत्याला फोन लावून विकतची प्रत मागवली. तिच्या रुमालांच्या कमाईतून. विक्रेता म्हणाला, ताई, याच्याबरोबर एक डोंगल असतं, बोटाएवढी किल्ली, ती लावल्याशिवाय ते उघडत नाही, आणि ती पार्सलनं यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर उद्घाटन होऊन हार सुकले असते.

"अहो," ती म्हणाली, "हे कुणाच्या नावावर आहे?"

चकटफूनं खिडकीबाहेर बघितलं. "आईंच्या."

"तुमच्या?"

"तुझ्या."

दोघं सासूबाईंकडं गेले. म्हातारी ओट्यापाशी पाय पसरून लसूण सोलत बसली होती. चकटफू उंबऱ्यातच उभा राहिला. सुरुवात कुठून करावी ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं शेवटाकडून केली.

"आई, तुम्ही कॉलेजात आहात."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

"पास होतेय ना?"

मग सगळं बाहेर आलं. ती फुकट प्रत कॉलेजातल्या मुलांसाठी होती. तेव्हा जावयानं सासूला कलेच्या कॉलेजात घातलं होतं आणि वय लिहिलं होतं बावीस. फक्त हेच नव्हे, गुरांचा दवाखानाही त्यांचाच होता आणि मासेही. बायको म्हणाली, आई, हे रोज फोन करतात ना, ते तुझ्या गुडघ्यासाठी नाही. तिला वाटलं, आता म्हातारी कोसळेल.

"मला ठाऊक नाही होय?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघा कसा आहे विचारायचं आणि मी तोंड उघडायच्या आत आकडा मागायचा. मी एकदा सांगितलं, पाय कापून टाकला. तर म्हणाले, छान छान, आणि आकडा?"

चकटफूला असं काही आठवेना. तसा तो प्रामाणिक आहे, खरंच आठवत नव्हतं.

"मग देत कशाला होतीस?" लेकीनं विचारलं.

"सकाळी सकाळी कुणाचा तरी फोन वाजतो, जिन्यातल्या बायकांना ऐकू जातो. मला तेवढं पुरत होतं. लाव फोन."

फोन कंपनीला लागला. पलीकडं एक तरुण पोरगा होता, अतिशय नम्र. आधी त्यानं जन्मतारीख विचारली. चकटफूनं ती पाठीमागच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून पुढं धरली. सासूबाईंनी हात लांब नेऊन, डोळे बारीक करून वाचली, आणि आपण एवढ्या अलीकडं जन्मलो याचं त्यांना जरा बरंच वाटलेलं दिसलं. पोरग्यानं ती ताडून बघितली. म्हणाला, आपला आवाज जरा वेगळा येतोय. सासूबाई म्हणाल्या, बसलाय. अभ्यास फार आहे.

"कोणत्या वर्षाला आहात आपण?"

"शेवटच्याच म्हणायचं आता."

बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोरग्यानं विचारलं, की कॉम्प्युटरचं घड्याळ वारंवार मागं गेलेलं दिसतंय, ते कशामुळं? सासूबाईंनी उंबऱ्यातल्या जावयाकडं सावकाश वरपासून खालपर्यंत बघितलं. पन्नाशी, टक्कल, हातात डबा.

"आमच्याकडं एक पोर आहे," त्या म्हणाल्या. "द्वाड आहे. दिसेल त्याला हात लावतं. आता बांधून ठेवते."

परीक्षेचं काम अडलंय आणि नर्सबाईंची नावं भरायचीत, हे त्यांनी अशा काही कळवळ्यानं सांगितलं, की पोरगा विरघळला. का कोण जाणे; घरी त्याचीही एखादी आजी असेल आणि त्याला सगळं कळलंही असेल. त्यानं एक आठवड्याची मुदत वाढवून दिली. घड्याळ मात्र खरं ठेवायचं, परत मागं गेलेलं दिसलं तर कायमचं बंद. चकटफूनं मधेच हात वर करून खूण केली, की बाकीचीही विचारा, दवाखाना, पियानो. सासूबाईंनी फोन ठेवून दिला.

मग त्यांनी लसूण डब्यात भरली, चष्मा घेतला, लेकीच्या खांद्याला धरून जिना उतरल्या, आणि चकटफूच्या घरी येऊन कॉम्प्युटरजवळच्या खुर्चीत बसल्या. आठवडाभर उठल्या त्या जेवायला आणि झोपायला. बायको नावं टाकत होती, मशीन टाके घालत होतं, पलंगाखालचे डबे वाजत होते, आणि सासूबाई मांडीवर मोबाइल ठेवून राखण करत होत्या. बुजगावण्याला तोंड असतं तर पिकाला एक दाणा कमी पडला नसता, ते त्या आठवड्यात कळलं.

चकटफूनं पहिले दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी वेबसाइटवर घरांचे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर आलं. वर्षाच्या बोलीवर नव्हे, जन्मभराचं. असं चार-पाच वर्षांत एकदा येतं. बायको मेट्रनला नमुना दाखवायला गेली होती. कॉम्प्युटर मोकळा होता. तो खुर्चीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आई, पाच मिनिटं उठता का?

"घर बांधताय जावईबापू?"

"नाही."

"कुणी दुसरं बांधतंय?"

"नाही. असू द्यावं म्हटलं."

घड्याळाला हात लावणार नाही अशी शपथ त्यानं घेतली. खरंच लावावा लागणार नव्हता. सासूबाई म्हणाल्या, हे नवं घालताना त्या नक्षीवाल्याला खोकला आला तर कोण जबाबदार? तेव्हा त्यानं युक्ती केली. कारखान्यात जाऊन साहेबांच्या कॉम्प्युटरवरून उतरवून घेतलं. नाव सासूबाईंचंच टाकलं, हाताला तेवढंच नाव राहिलं होतं. आकडा मोबाइलवर आला, तो म्हातारीच्या मांडीवर. चकटफूचा फोन आला. कसं काय आई, आणि या वेळी तो थांबला. गुडघ्याचं ऐकून घ्यायला थांबला. सासूबाईंनी डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. उजव्यावर यायच्या आत त्या आकड्याची मुदत संपली होती. दुसरा आकडा मागवला, तोवर कंबर सुरू झाली होती. साहेब परत आले तेव्हा चकटफू त्यांच्या खुर्चीत बसून मानेच्या दुखण्याला हं हं करत होता. त्यासाठी त्याला मेमो मिळाला. तोही त्यानं घडी करून नीट ठेवून दिला.

कोट उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गेले. एका नर्सबाईचं नाव उलट्या खिशावर आलं होतं, ते बायकोनं तिथंच बसून उसवलं आणि हातानं भरून दिलं. मेट्रननं पानांची तोंडं बघितली, दिवा बघितला, कोट पालथा करून मागचे टाके बघितले, आणि चादरी कधी सुरू करता विचारलं. दुसऱ्या दिवशी कंपनीची मुदत संपली आणि सॉफ्टवेअर शांतपणे बंद झालं. सासूबाई आपल्या खोलीवर गेल्या. शिक्षण पुरं झालं म्हणाल्या.

पार्सल आलं ते चकटफूनंच उघडलं. विकत घेतलेली वस्तू त्या घरात कॉम्प्युटरला पहिल्यांदाच लागत होती, त्यामुळं ती त्यानं मेलेल्या पाखरासारखी दोन बोटांत धरून बघितली. मग पाकीट उलटं करून झटकलं. आत कंपनीची एक टोपी निघाली, भेट म्हणून. ती त्यानं लगेच डोक्यावर घातली.

ती डोंगल नावाची किल्ली आता बायकोच्या गळ्यात असते, काळ्या दोरीत ओवलेली. काम करताना काढते, मशीनला लावते, काम झालं की पुन्हा गळ्यात. चकटफू एकदा तिला म्हणाला, की अगं, हरवली बिरवली तर पंचाईत, हिची नक्कल काढून ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे, आजच्या दिवस फुकट आहे. तिनं चादरीवरची नजर न काढता दोरी पोलक्याच्या आत सरकवली.

परवा शेजारणीनं विचारलं, की गळ्यात हे काय घालून फिरतेस, आंघोळीलासुद्धा काढत नाहीस म्हणे.

"घरात माणूस आहे ना," ती म्हणाली.